डावीकडे उपाशी, उजवीकडे अजीर्ण

तीर्थस्वरूप बाबांना,

वाकून नमस्कार. (कालपासून कंबर धरली आहे, त्यामुळे जितकं वाकता आलं तितकंच. कारण पुढे येईल.) तुमचा गुडघा कसा आहे? आईंचा खोकला थांबला का? इथे आम्ही दोघं खुशाल आहोत. गाडीचं मात्र छातीठोकपणे सांगता येत नाही, आणि हे पत्र तिच्याबद्दलच आहे. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर माझं दुखणं सांगून व्हायच्या आत तुमचं औषध सांगून होतं, फोनही ठेवला जातो, आणि मग ते औषध नेमकं कुठे लावायचं हे विचारायचं राहून जातं.

तुम्ही तुमची गाडी लेकीला दिलीत, हे उपकार आम्ही विसरणार नाही. (विसरायचं म्हटलं तरी गाडी विसरू देत नाही.) देण्याआधी तुम्ही ती स्वतः धुतलीत, पुसलीत आणि धुराच्या नळ्यांमधले ते दोन ऑक्सिजन सेन्सर काढून, घासून, पुन्हा बसवलेत. मी टॉर्च धरून होतो. शाळेच्या मैदानावर कवायतीला मुलांसमोर उभे राहायचात, तसे तुम्ही बॉनेटसमोर ताठ उभे होतात आणि ‘हा डावा, हा उजवा’ म्हणत तारा जोडत होतात. माझा ऊर भरून आला होता. त्यानंतर थोड्याच दिवसांत स्टिअरिंगमागच्या काट्यांच्या शेजारी एक पिवळा दिवा लागला. त्याचं म्हणणं एवढंच, की इंजिन तपासा. काय तपासा, कुठून तपासा, याबद्दल अवाक्षर नाही. शाळेत मुख्याध्यापक नुसतं ‘येऊन भेट’ म्हणून निघून जायचे, अगदी तसं.

एरवी मी दिव्यावर कागद चिकटवून मोकळा झालो असतो. पण तुमच्या लेकीला नदीपलीकडच्या दवाखान्यात, प्रयोगशाळेत नोकरी लागली आहे, हे तुम्हाला ठाऊकच आहे. किती वाट पाहिली तिने या नोकरीची! तिकडे जाणारी बस पोचते तेव्हा तिथलं निम्मं काम उरकलेलं असतं, म्हणून गाडी हवी. गाडीला धुराच्या तपासणीचा दाखला हवा. आणि दिवा लागलेला असेल तर दाखला नाही. पुढच्या सोमवारी हजर झाली नाही तर तिच्या जागी दुसरी तयार बसलेली आहे. ती रोज संध्याकाळी प्रयोगशाळेच्या नव्या पांढऱ्या डगल्याला इस्त्री करते. एकदा झालेली इस्त्री पुन्हा करते, बाबा. मला ते बघवत नाही.

पहिल्या गॅरेजवाल्याने स्टिअरिंगखाली एक यंत्र जोडलं. त्यावर दोन कोड उमटले. एकाचा अर्थ, इंजिनाची डावी बाजू उपाशी आहे, पेट्रोल कमी पडतंय. दुसऱ्याचा अर्थ, उजव्या बाजूला अजीर्ण झालंय, पेट्रोल जास्त होतंय. (तुमच्या गाडीला तीन सिलिंडर इकडे आणि तीन तिकडे आहेत, हे मला त्या दिवशी समजलं. चालवताना त्याची कधी गरज पडली नव्हती.) तो म्हणाला, प्रत्येक बाजूचा सेन्सर आपापला धूर हुंगतो, गाडीतल्या कॉम्प्युटरला कळवतो, आणि कॉम्प्युटर त्याप्रमाणे त्या त्या बाजूच्या ताटात पेट्रोल वाढतो. मी विचारलं, म्हणजे सेन्सर बिघडलाय, की सेन्सर शहाणा आहे आणि इंजिन बिघडलंय? ‘दोन्ही होऊ शकतं,’ तो म्हणाला. मग त्या दिव्याचा उपयोग काय? ‘तुम्ही इथे आलात ना,’ तो म्हणाला, ‘तोच.’ जुने सेन्सर ज्या तारांना होते त्याच तारांना त्याने नवे जोडून दिले. दुसऱ्या दिवशी दिवा पुन्हा हजर, कोडही तेच.

मग शेजारच्या घड्याळवाल्यांनी मनावर घेतलं. त्यांच्याकडे मोबाइलला जोडायची एक डबी आहे. तिने कोड वाचता येतात, आणि मुख्य म्हणजे पुसता येतात. त्यांनी पुसले. दिवा विझला! मी त्यांना मिठी मारली आणि गाडी तडक तपासणीला नेली. तिथल्या बाईंनी यंत्र लावलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. म्हणाल्या, ‘हिला काहीच आठवत नाहीये. काय पुसलंत?’ कोड पुसले की गाडीने आधी केलेल्या चाचण्याही पुसल्या जातात म्हणे, आणि चार दिवस चालवून तिला त्या पुन्हा करू द्याव्या लागतात. चालवली. तिला सगळं आठवलं, दिव्यासकट. मधल्या काळात मी दुसऱ्या गॅरेजवाल्याकडेही जाऊन आलो, पण कोड पुसलेले असल्यामुळे त्याला काही दिसलंच नाही. नळी कुठे फुटली आहे का ते बघून ‘ठणठणीत आहे’ म्हणाला. डॉक्टरकडे निघताना तापाची गोळी घेऊन जावं, तसली गत मी करून ठेवली होती.

काल तुमचा फोन आला, ‘डाव्या सेन्सरची तार हलवून बघ.’ मी गाडीखाली शिरलो. पण डावा कुठला? बसणाऱ्याचा, बघणाऱ्याचा, की खाली पाठीवर पडून वर तोंड केलेल्याचा? (लग्नाआधी तुमच्या घरी पहिल्यांदा आलो, तेव्हा तुम्ही ‘चौकातून डावीकडे’ म्हणाला होतात आणि मी बर्फाच्या कारखान्यात पोचलो होतो. आई नंतर हसून म्हणाल्या, की मुलांना आरशात बघितल्यासारखं सोपं जावं म्हणून तुम्ही ‘उजवा हात वर’ म्हणत स्वतःचा डावा वर करायचात, आणि ती सवय मैदानावर न राहता तुमच्याबरोबर घरीही आली. हे सहज आठवलं, याचा गाडीशी काही संबंध नाही.) दोन्ही तारा हलवल्या. कोपर भाजलं, कंबर धरली, दिवा तसाच. आता तर जेवतानासुद्धा उजवा हात कुठला ते आधी बघून घ्यावं लागतं.

तुम्ही पुढच्या रविवारी हत्यारांची पेटी घेऊन यायचं म्हणता आहात. हात जोडून सांगतो, तसदी घेऊ नका. तुमचा गुडघा, इकडचा खणून ठेवलेला रस्ता, शिवाय घरात रंगकाम काढलं आहे. (काढायचं आहे.)

तुमचा आज्ञाधारक आणि तूर्त वाकडा,
जावई

ता. क. पत्र पाकिटात घालण्याआधी तुमच्या लेकीने वाचलं. बॉनेटपर्यंत गंभीर होती, बर्फाच्या कारखान्यापाशी फिसकन हसली, मग इस्त्री बंद करून खाली गेली. मी टॉर्च धरला. (माझा जन्मच त्यासाठी.) तिने डाव्या सेन्सरच्या तारेवर बोट ठेवलं आणि ते सरकवत सरकवत नेलं, तर तार उजव्या बाजूच्या जोडात! उजव्याची डावीकडे. म्हणजे भुकेची ओरड एका बाजूची, आणि कॉम्प्युटर बिचारा वाढत होता दुसऱ्याच ताटात. एक बाजू ओरडतच राहिली, दुसरीचं पोट फुटायची वेळ आली. तिने दोन्ही तारा अदलून लावल्या. चार दिवस गाडी चालवली, दिवा नाही. आज दाखला मिळाला. त्या चष्म्यावाल्या बाई चक्क हसल्या. तारा कुणी उलट्या लावल्या, याबद्दल आमच्या घरात कुणीही काहीही म्हटलेलं नाही.

ता. क. (दुसरा) रंगकाम रद्द. रविवारी नक्की या. पेटी मात्र घरीच असू द्या. सोमवारी पहिल्या दिवशी गाडीत शेजारी बाबाच हवेत, असं तुमची लेक म्हणते. पुलापाशी रस्ता फुटतो तिथे ती बावचळते. काल सराव म्हणून आम्ही जाऊन आलो. मी अगदी बरोबर ‘डावीकडे’ म्हणालो, ती लहानपणापासून तुमचं ऐकायच्या सवयीने उजवीकडे वळली आणि आम्ही एका लाकडाच्या वखारीत पोचलो. तेव्हा तुम्ही या, तिच्या शेजारी बसा आणि आजवर सांगत आलात तसंच सांगा. त्यात आता कुणाच्याही सांगण्यावरून सुधारणा करू नका.