पूर्णेकाठचा झाऊ

अमरावती, १२ जानेवारी २०२४

चि. श्याम यास,

अनेक आशीर्वाद. मोठी बहीण म्हणून लिहावे लागतात, मनातून आलेले नाहीत. माझा नंबर तू ब्लॉक केलास, म्हणून पत्र.

दर्यापूरच्या आपल्या वावराला लागून, पूर्णेच्या काठी मला झाऊचं झुडूप सापडलं. गुलाबी तुऱ्यांची फांदी दाबून, वाळवून, शीटवर चिकटवून मी तुमच्या कॉलेजच्या हर्बेरियममध्ये दिली आणि 'रानटी' अशी नोंद केली. माझा अख्खा पेपर त्या नोंदीवर उभा आहे. आणि हर्बेरियम सांभाळणारा माझा सख्खा भाऊ ती खोडून 'लावलेला' लिहितो? लहानपणापासून माझं चांगलं तुला बघवत नाही. नोंद होती तशी कर.

लोभ होता तेवढा संपला.
आरती

अकोला, १९ जानेवारी २०२४

ती. आरतीताईस,

सा. न. वि. वि. तुझं पत्र घरात मोठ्यानं वाचून दाखवलं. तुझी भावजय म्हणाली, ताईंचं अक्षर मात्र सुरेख आहे.

तो झाऊ आईनं लावलेला आहे. अंजनगावकडून, माहेरच्या नदीतून ओल्या फांद्या आणून तिनं काठावर खोचल्या. पाणी मी घातलं. तू तेव्हा अमरावतीला एम.एस्सी. करत होतीस, सुट्टीतही फिरकत नव्हतीस. फांदी तोडण्याआधी शेजारच्या वावरात विचारावं, एवढी साधी रीत तू विसरलीस. तिथली पार्बताबाई अजून आहे, तिला विचार. लावलेल्याला रानटी मी लिहिणार नाही, बहीण असलीस तरी.

प्रकृतीला जप, म्हणजे भांडायला बळ राहील.
श्याम

अमरावती, २ फेब्रुवारी २०२४

श्याम,

आशीर्वाद आज सवयीनंही सुचत नाहीत.

जीपनं वावरात जाऊन आले. पार्बताबाईनं तोंडावरच सुनावलं, की तुया मायनंच लावला तो, मी होती ना संगं. पुढचं तिनं सांगितलं ते तू लिहिलं नाहीस. मी म्हणे आईला बोलले होते, की घरी येऊन करू काय, कपाशीशिवाय पाहण्यासारखं एक झाड नाही तिथं. म्हणून माय झाऊ घेऊन आली आन् म्हणे, आता पोरगी पाहाले येईन. दरवर्षी तुरा आला की ती काठावर जाऊन बसायची.

पाणी तू घालत होतास, म्हणजे तुला ठाऊक होतं. आई असताना एक फोन केला असतास तर मी धावत आले असते रे! तेव्हा तुझं तोंड उघडलं नाही, आणि माझी नोंद खोडायला मात्र बरोबर पेन सापडला. हे मी मरेपर्यंत विसरणार नाही. राखीची वाट पाहू नकोस.

पेपर मी मागे घेतला आहे. आता नोंद दुरुस्त करायचीच तर पुरती कर. लावणारी, मैनाबाई. कशासाठी, मुलगी घरी यावी म्हणून. असा रकाना शीटवर नसतो. तू आखून घे.

आरती