पॉइंटमागे पंच्याऐंशी रुपये

भाईंदर (पश्चिम)
१४ ऑक्टोबर १९९७

प्रिय धाकू,

तुझा फोटो मिळाला. कंपनीच्या गाडीला टेकून उभा आहेस, अंगात निळा डगला, डोक्यावर पिवळी टोपी, आणि पोट चांगलंच सुटलंय. मी तुझ्या दादांना म्हटलं, बघा, मस्कतला माणसाला खायला घालतात. ते हसले, मग चष्मा लावून तुला सोडून तुझ्या मागची भिंत बघत बसले. म्हणाले, पाइप काय सरळ टाकलाय बघ, हा धाकूचाच हात. शेजारची हंसाबेन येऊन फोटो बघून गेली. 'छोकरा तो हीरो जैसा हो गया,' म्हणाली. मी म्हटलं, हो, फक्त हीरोला अजून चहा करता येत नाही.

पत्रही वाचलं. त्यातलं एक वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. ठरलेल्या वेळेपुढे काम केलं तर त्याचे पैसे वेगळे मिळतात आणि ते मागावे लागत नाहीत, असं तू लिहिलंयस. साहेबाने तुझं नाव सुपरवायझरसाठी पाठवलंय, करार आणखी दोन वर्षांचा होतोय, मग नीलमशी लग्न आणि स्वतःची खोली, हे सगळं मात्र तू चार ओळींत उरकलंस. अशी बातमी कोणी चार ओळींत उरकतं का रे? मी लगेच नीलमच्या आईला लांज्याला कळवलं. त्यांचं उत्तर आलं की मुलगी दोन वर्षं थांबेल, नोकरी तेवढी सांभाळा म्हणावं. पोरगी गुणी आहे. तुझ्याहून दोन पावसाळे लहान आणि अकलेने दहा पावसाळे मोठी.

माझ्या लग्नात तू अकरा वर्षांचा होतास. सासूबाई आधीच गेलेल्या. मी रीतीप्रमाणे तुला भावजी म्हणायला लागले तर तू गोठ्यामागे पळून हसत बसायचास, म्हणून मग नुसता धाकू झालास. पुढे आम्हाला मूल झालं नाही. डॉक्टर झाले, नवस झाले, आणि मग मी मनाशी ठरवून टाकलं की आपल्याला एक आहे, तो फक्त जरा मोठा होऊन आला. हे तुला कधी बोलले नव्हते. आता लिहिलंय, तर त्यावर उत्तर पाठवू नकोस. मला लाज वाटेल.

दहावीनंतर तू इथे आलास तेव्हा दादांनी नोकरी सोडून नुकतंच स्वतःचं कंत्राट सुरू केलं होतं. मिठागरांच्या कडेकडेने बिल्डिंगी उठत होत्या आणि प्रत्येक बिल्डिंगीला वायरिंग लागत होतं. त्यांनी आपल्या दोघांना समोर बसवून भाव कसा काढायचा ते शिकवलं, आठवतंय? बिल्डरला घर दिसत नाही, त्याला पॉइंट दिसतात. दिवा एक पॉइंट, पंखा एक पॉइंट, दारावरची बेल एक पॉइंट. त्याच बोर्डावर प्लग असेल तर तो अर्धा, गिझरचा असेल तर दुप्पट. पाइप, वायर, बटण, भिंत फोडणं आणि पुन्हा बुजवणं, सगळं त्या एका पॉइंटच्या पोटात. ज्याचा पॉइंटचा आकडा कमी, त्याला काम. तू विचारलंस, देवापुढचा लाल बल्ब अर्धा धरायचा की पूर्ण, आणि दादा खरोखर विचारात पडले. शेवटी म्हणाले, देवाचा आहे, पूर्ण धर. त्यावर आपण किती हसलो होतो.

मी सातवी पास, पण माझी बेरीज चुकत नाही, म्हणून आकडा काढायचं काम माझ्याकडे आलं. सामान इतकं, मजुरी इतकी, वर आपला नफा. आपला आकडा दुसऱ्यांपेक्षा नेहमी कमी निघायचा, म्हणून कामं मिळत गेली. लोक म्हणायचे, दत्ताराम वायर हलकी घालत असणार, त्याशिवाय एवढ्यात परवडेलच कसं? दादांना याचा फार राग यायचा, कारण त्यांनी हलकी वायर कधी हातात धरली नाही. मजा अशी की कसं परवडतं ते आपल्यालाही कळत नव्हतं. मजुरीत मी दोन मदतनीस धरायचे. दादांना धरत नव्हते, ते मालक. तुला धरत नव्हते, तू घरचा. मी डबा घेऊन यायचे आणि संध्याकाळपर्यंत वायर ओढू लागायचे, मला कोण धरणार? तुझ्यासारख्या पक्क्या वायरमनची कितीतरी वर्षांची मजुरी आपण बिल्डर लोकांना फुकट वाटली आणि त्याला आपला भाव म्हणत राहिलो. तुझ्या हातावर सणासुदीला शर्टपँटचं कापड ठेवलं की मला वाटायचं, पोराचं सगळं व्यवस्थित चाललंय.

तू मस्कतला गेलास तेव्हा दादा महिनाभर रुसून होते. तुझ्या जागी रोजावर वायरमन ठेवला आणि पहिल्याच बिल्डिंगीत खड्ड्यात गेलो. मी म्हटलं, आकडा वाढवून मागा. ते शेठकडे जाऊन तसेच परत आले. शेठ म्हणाला होता, 'दत्ताराम, तेरा भाव मुझे मालूम है. पिछले साल हुआ, तो इस साल क्यों नहीं होगा?' यावर काय सांगायचं? पिछले साल भाई था, असं सांगायचं? दुसऱ्या बिल्डरकडे जावं तर त्यालाही आपला भाव आधीच ठाऊक. माणसाचा भाव एकदा बाजारात पडला की तो वर नेता येत नाही, खाली मात्र हवा तितका नेता येतो.

गेल्या दोन वर्षांत तर कामंच बंद पडली. तू बघशील तर ओळखणार नाहीस. मीरा रोडला बिल्डिंगी पूर्ण होऊन नुसत्या उभ्या आहेत, आत वायरिंग, बाहेर रंग, आणि राहायला कोणी नाही. फ्लॅट विकले जात नाहीत म्हणून बिल्डर नवीन काम काढत नाही, आणि काढलंच तर नुसत्या मजुरीवर राबणाऱ्या टोळ्या रांगेत उभ्या असतात. त्यांचंही पोट आहे, त्यांना काय बोलणार? दादा चेण्याला एका बंगल्याच्या कामावर शिडीवरून पडले. तुला कळवू नको म्हणाले होते, म्हणून तेव्हा कळवलं नाही. डावा गुडघा आता वाकत नाही. देशी उपाय म्हणून तेल चोळून झालं, पट्टे बांधून झाले. खाली उभं राहून ते सगळं सांगतात, पण हा धंदाच सगळा छताजवळ चालतो. पंख्याचा हुक कोणी खाली आणून देत नाही.

गणपतीनंतर एक दिवस ते जिलबी घेऊन आले. हाटकेशला चार विंगचं काम मिळालं म्हणाले, एकाच शेठकडे, सलग दोन वर्षं. मी म्हटलं, भाव काय दिला? पॉइंटमागे पंच्याऐंशी, सामानासकट. धाकू, एकशे वीसच्या खाली आज कोणी येत नाही, आणि एकशे वीसवालेही रडत असतात. इतकी वर्षं आकडा मी काढत आले, हा एक त्यांनी मला न विचारता काढला. मी जिलबी तशीच ठेवली आणि विचारलं, हे बसतं कसं ते मला सांगा. त्यांनी बोटांवर सांगितलं. सामान इतकं. मदतनीस दोन. आणि वरचं काम सगळं धाकू बघेल. मी विचारलं, धाकूची मजुरी? म्हणाले, 'अगं, घरचा माणूस आहे तो. घरच्या माणसाची मजुरी धरतात का कधी?'

त्यांच्या मनात कपट असतं तर मी तिथेच भांडले असते. ते अजिबात नव्हतं. इतक्या वर्षांत एवढे खूश मी त्यांना पाहिले नव्हते. त्यांनी पोटमाळा झाडून घेतलाय, तिथे तुझ्यासाठी आणि नीलमसाठी पडदा लावायचा आहे म्हणतात. मी म्हटलं, त्याला तिकडे चांगली नोकरी आहे हो. तर म्हणाले, 'नोकरीच ना? इथे आपला स्वतःचा धंदा आहे.' मी त्यांना काय समजावणार? घरच्यांची मजुरी न धरता भाव काढायची सवय इतकी वर्षं मीच तर लावली होती. म्हणायचं एवढंच की तो माणूस ज्याच्यावर प्रेम करतो त्याचा हिशेब करत नाही, आणि त्यामुळे त्याने ज्याच्यावर प्रेम केलं तो प्रत्येकजण फुकट राबला. माझी चीड तीच आहे. आणि चीड आली तरी मी सकाळी उठून त्यांच्याबरोबर हाटकेशला जाते, शिडीवर चढते आणि वायर ओढते, कारण दुसरं कोण आहे? खांदे रात्रभर ठणकतात. परवा दसऱ्याला हत्यारांची पूजा केली तेव्हा पक्कड उचलायला बोटं मिटेनात.

तू आला नाहीस तर काय होईल तेही लिहिते, तुझ्यापासून लपवत नाही. आगाऊ मिळालं ते पहिल्या विंगच्या सामानात गेलं. माझ्याच्याने चार विंग होणार नाहीत, एकही होणार नाही. काम अर्धवट राहील, शेठ ते दुसऱ्याला देईल, आणि ही खोली विकून आम्ही गावी लांज्याला जाऊ. तिथेही आमची वाट बघत कोणी बसलेलं नाही. दादा तुझ्याशी बोलणं सोडतील. भाऊ परका झाला, परदेशात जाऊन माणसं अशीच होतात, असं ते येणाऱ्या जाणाऱ्याला सांगतील, आणि मी शेजारी बसून ऐकत राहीन. त्यांची समजूत निघेल असं मला वाटत नाही. निघाली तर चांगलंच, पण तू त्या आशेवर राहू नकोस.

आणि तू आलास तर? चारही विंग नीट होतील, पाइप सगळे सरळ बसतील. करार गेलेला, सुपरवायझरची जागा दुसऱ्याला गेलेली. मग शेठ पाचवं काम काढेल आणि म्हणेल, दत्ताराम, तेरा भाव मुझे मालूम है. पुन्हा पंच्याऐंशी, कदाचित ऐंशी. नीलम पोटमाळ्यावर राहील, दुपारी डबा घेऊन साइटवर येईल, आणि आलीच आहे तर जरा वायर धर म्हणून तिला कोणी तरी सांगेल. कोणी म्हणजे मीच सांगेन बहुतेक. तिलाही कोणी मोजणार नाही. मी हे उलटसुलट सगळ्या बाजूंनी करून बघितलं, पण एकाही बाजूने त्यातून बरं काही निघत नाही. दोन्हीकडे घर बुडतंच. एकीकडे आमचं बुडतं, दुसरीकडे आमच्याबरोबर तुझंही.

शुक्रवारी तुमची सुट्टी असते. त्या दिवशी दादा स्टेशनजवळच्या बूथवरून तुमच्या मेसवर फोन करणार आहेत. टपालाने हे पत्र तोवर पोचणार नाही, म्हणून सरूबाईंचा जावई उद्याच्या विमानाने मस्कतला येतोय त्याच्या हाती देतेय. तो तुला स्वतः आणून देईल, तशी मी त्याला शपथ घातली आहे. फोनवर दादा तुला काम केवढं मोठं आहे ते सांगतील, पोटमाळ्याचं सांगतील, गुडघ्याचं सांगणार नाहीत, आणि शेवटी फक्त विचारतील, कधी निघतोस? तू नाही म्हण. कारणं देत बसू नकोस, ती ते एकेक करून खोडून काढतील आणि तू विरघळशील. नुसतं नाही म्हण आणि फोन ठेव. ते तिथेच रडतील, तेही मला माहीत आहे, मी नंतर बघून घेईन. आणि वहिनीला द्या फोन, असं म्हणू नकोस. मी त्या दिवशी बूथवर जाणार नाहीये. इथे लिहून सगळं सांगता आलं, पण तुझा आवाज कानावर आला ना, तर माझ्या तोंडून 'ये' असंच निघेल.

तुझीच,
मंदावहिनी