फुटाळ्यात सोडलेली नाव

वाडी, नागपूर
रविवार, ९ ऑक्टोबर १९८३

प्रिय यमुताई,

तुझ्या धाकट्या भावाचा नमस्कार. भाऊजींनाही सांग, आणि देवकीच्या गालाला माझ्या नावानं एक चिमटा काढ.

तुझं पत्र जूनमध्ये आलं आणि उत्तर आज लिहितोय. पत्ता हरवला, शाई संपली, असलं काही सांगत नाही. पत्र उशाखालीच होतं. दोनदा कागद घेऊन बसलो, पण तुझ्या शेवटच्या ओळीपाशी आलो की उठून चहा प्यायला जायचो. त्या ओळीचं उत्तर आज देतो. पण आधी माझं ऐक, नाहीतर मी फुटेन.

ताई, माझी नाव चालली! खऱ्या पाण्यावर! हातभर लांब, लाकडाची, लाल रंगाची. आत माणूस नाही, बाहेर दोरी नाही. मी काठावर उभा, हातात एक डबा, डब्यावर एक बटण, आणि ती माझ्या बोटाचं ऐकते. रेडिओनं! खोटं वाटत असेल तर फुटाळा तलावावरच्या कुठल्याही म्हशीला विचार.

सुरुवातीपासून सांगतो. घरून निघाल्यावर आधी रायपूरच्या ट्रकवर क्लीनर झालो, मग टुरिंग टॉकीजवाल्यांबरोबर तुमसरला गेलो (तिथं एकदा ऐन मारामारीत पडदाच वाऱ्यानं उडाला, पण ते भेटल्यावर), मग संत्र्याच्या पेट्या ठोकल्या. आता इथं गोदामात माल चढवतो-उतरवतो. फेब्रुवारीत एक पार्सल घेऊन मनोहररावांकडे गेलो. रिटायर वायरलेस मेकॅनिक. गुडघे गेले, जिभेला काही झालेलं नाही. त्यांच्या टेबलावर हा एवढा नकाशा पसरलेला, नावेचा. मी सही घ्यायची विसरून त्यावरच वाकलो.

"समजते का रे नकाशा?" ते म्हणाले.

"सुताराचा पोरगा आहो मी."

"मंग बनव. रेडिओ माझा, हात तुझे."

गोदामात चहाच्या फुटक्या पेट्या पडून असतात. त्यांचा प्लाय पातळ, हलका, नावेसाठीच केल्यासारखा. मुकादम म्हणाला, घेऊन जा, कचरा कमी होईल.

आता माझी अक्कल ऐक. नावेला आडव्या फ्रेमा असतात, आपल्या बरगड्यांसारख्या. नकाशात त्या अर्ध्याच काढतात, मधल्या रेषेच्या एका बाजूच्या. दुसरी बाजू आपण उलटवून काढायची. मले काय ठाऊक! बाबांनी कधी नकाशा पाहिला का? दार करायचं म्हटलं की चौकटीत उभं राहून विती मोजायचे, झालं. मी पंधरा दिवस खपून सात अर्ध्या फ्रेमा कापल्या, ओळीनं उभ्या केल्या आणि छाती फुगवून त्यांना दाखवायला नेल्या. मनोहररावांनी चष्मा पुसला.

"नत्थू, हे नाव आहे का टरबुजाची फोड?"

दोन आठवडे मी तिकडं फिरकलो नाही. तू मला ओळखतेस, एरवी गावच बदललं असतं. या खेपेला मात्र परत गेलो आणि साती फ्रेमा नव्यानं कापल्या.

मग नाकाकडच्या पट्ट्या. नाव जिथं निमुळती होते तिथं पट्टी वाकवली की कडकन मोडायची. नऊ मोडल्या. दहावीच्या वेळी आठवलं, बैलांच्या दमणीच्या छपराला कमानी करताना बाबा काय करायचे. पट्टी दिवसभर भिजवली, चहावाल्याच्या उकळत्या पातेल्यावर धरली आणि हळूहळू, तिच्याशी बोलत वाकवली. बाबा बोलायचे ना, "ये माय, ये," तसंच. आली वं ताई! लोण्यासारखी आली! वरून रंधा असा फिरवला की कडा आरशासारख्या...

रंध्याचं पुढं सांगतो.

आज सकाळी फुटाळ्यावर गेलो. मनोहरराव काठावर खुर्ची टाकून बसले. या नावेची गंमत अशी की एकदा मोटर सुरू केली की बॅटरी संपेपर्यंत ती थांबत नाही. रेडिओ फक्त सुकाणू फिरवतो. बटण एकदा दाबलं की उजवीकडे, दोनदा दाबलं की डावीकडे. सोडली. ताई, तोंड वर करून जी सुटली! मागं पांढरा फेस, आणि समोर म्हशी. मी घाबरून किती वेळा बटण दाबलं देव जाणे. एक गवळी ओरडला, "अबे, काय सोडून राहिला पाण्यात? जनावर बिचकते ना!" म्हशीपासून दोन हातांवर नाव वळली, तिच्या तोंडावर पाणी उडवलं आणि सरळ माझ्याकडे आली. मनोहरराव खुर्चीतून उठले, त्या गुडघ्यांनिशी! "पळाली रे, आपली फोड पळाली!"

आयुष्यात पहिल्यांदा एक काम माझ्या हातून पुरं झालं.

आता तुझी शेवटची ओळ. "बाबांच्या रंध्याचं तुला काही ठाऊक आहे का?"

आहे. तो माझ्याजवळ आहे.

आजोबांपासून चालत आलेला, शिसवी, बाबांच्या पंजाचा खळगा पडलेला. गेल्या वर्षीच्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी बाबा चारचौघांत म्हणाले, याच्या हातून एक काम पुरं होत नाही. त्याच रागात मी तो पिशवीत टाकला आणि निघालो. म्हटलं, आठवड्यानं आणून देऊ. मग तुझं पत्र आलं. बाबांनी लहानूदादाला चोर म्हटलं, बारा वर्षं आपल्या दुकानात राबलेल्या माणसाला, आणि आता आपल्या मौद्यात त्याला कुणी काम देत नाही. गेल्या खंडेनवमीला हत्यारं पूजताना बाबांनी रंध्याची जागा रिकामी सोडून तिथं हळदकुंकू वाहिलं, तेही तू लिहिलंस. ते वाचून पत्र उशाखाली सारलं. मी ठरवलं, नाव पुरी करतो, मग नाव आणि रंधा दोन्ही बाबांसमोर ठेवतो. आज काठावर उभा होतो तेव्हा कळलं, माझी नाव व्हायची होती म्हणून लहानूदादा चोर राहिला.

पुढच्या आठवड्यात खंडेनवमी आहे. त्याआधी येतो. बाबांना मीच सांगेन. तू फक्त माहेरच्या दारात उभी राहा.

ताई, इथवर लिहिलं आणि दार वाजलं. मनोहरराव असतील म्हणून ओरडलो, "या, फोडवाले!"

दारात लहानूदादा. खांद्यावर वळकटी. "यमूनं पत्ता देल्ला. वाडीत हमाली भेटते म्हणे गा." एवढं बोलला आणि त्याचं लक्ष टेबलाकडं गेलं. नावेशेजारी रंधा पडलेला. झाकायला वेळ होता, हात उठला नाही.

त्यानं वळकटी खाली ठेवली. रंधा उचलून कपाळाला लावला. मग नावेच्या कडेवरून अंगठा फिरवला, बाबा फिरवतात तसा.

"या रंध्यानंच केली का गा?"

"हो, दादा."

"कडा चांगल्या उतरल्या."

तेव्हापासून तो भिंतीला टेकून बसला आहे, रंधा मांडीवर घेऊन. मी पाठ करून हे लिहितोय, कारण पत्र संपलं की मला त्याच्याकडे वळावं लागेल.

संपवतो.

ज्याची चोरी लहानूदादानं वर्षभर अंगावर वागवली, तो तुझा भाऊ,
नत्थू