ह्यांच्या दिवाणाची ऊब

कोल्हापूर, ता. २ मे १९९८

शिवमूर्ती भाऊजींना महादेवी वहिनीचे शरणु शरणार्थी. तुमची कंबर, जाऊबाईंचा खोकला आणि म्हैस, तिघांची तब्येत बरी असेल असं धरून चालते. मीही बरी आहे. हे मुद्दाम लिहिते, कारण शेजारच्या चिमणाबाईनं तुम्हाला फोन करून वेगळंच सांगितलंय, आणि तुम्ही सोमवारी मुरगूडहून देवरशी घेऊन येणार, ह्यांचा दिवाण नदीकाठी नेऊन जाळणार, असं कळलं. तेव्हा आधी हे नीट वाचा.

पाडव्याला मी नवा माठ आणून दिवाणाच्या उशाशी, उघड्या फळीवर ठेवला. हे असताना तो तिथंच असायचा. (त्यातलं पाणी पिणारं आता कोणी नाही, मी तांब्यातलं पिते. पण माठ भरायची सवय हाताला आहे, त्याला कोण समजावणार?) आठवड्याभरात एकदा भर दुपारी चिमणाबाई दिवाणावर टेकली आणि ताडकन उठली.

"महादेवी, हितं कोण बसलंतं गं?"

"कोण न्हाय."

"मग जागा ऊन कशी? आत्ताच उठून गेल्यागत हाय की!"

मी हात लावला. ह्यांच्या पाठीएवढीच जागा ऊन, बाकीचा दिवाण गार. दुसऱ्या दिवशी, पुन्हा दुपारीच, फळी करकरली, कुणी कूस बदलावी तशी. मग आतून सुस्कारा आला, लांब, दमलेला. हे दुकानातून आल्यावर असाच टाकायचे. लाइट गेलेली, पंखा बंद, त्यामुळे ऐकण्यात चूक झाली म्हणायलाही जागा नव्हती. (भ्याले का? भ्याले. पण चहा दोन कप टाकला. एक तसाच गार झाला, तो मीच प्याले. साखर वाया कशाला घालवा?) चार दिवस त्या जागेशेजारी बसून गहू निवडले, आणि कौलं चाळायची राहिली म्हणून बोलणीही ऐकवली. उलट उत्तर आलं नाही. तेवढं मात्र ह्यांच्यासारखं वाटलं नाही.

शंका आली ती उबेमुळेच. ह्यांचे पाय जन्मभर विहिरीतल्या दगडासारखे. तीस वर्षं मी ते सोसले. मग गेल्यावर एवढी ऊब आणली कुठून? शेवटी गादी काढून फळी उचलली. आत चुनकळीचं पोतं. घराला चुना द्यायला म्हणून दसऱ्याआधी ह्यांनी तुमच्या गावच्या भट्टीवरून आणलेलं. दसरा यायच्या आत हेच गेले. माणूस गेल्याच्या वर्षात आपल्यात भिंतीला चुना लागत नाही, म्हणून पोतं तिथंच राहिलं आणि मी विसरले. माठ पाझरून फळीच्या फटीतून त्यात थेंब पडत होते. ढेकळं फुगून फुटत होती, फळी उचलत होती, वाफ सोडत होती. मी बोट लावलं, तर चटका बसला.

रद्दीतून आणलेल्या नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात सगळं दिलंय. माठातून झिरपलेलं पाणी हवेत उडून जाताना माठाची उष्णता घेऊन जातं, म्हणून आतलं पाणी गार. तेच पाणी खाली चुनकळीला मिळालं की ती तापते. भट्टीत दगडानं पोटात घेतलेला जाळ तो असा परत देतो. (इथं तर सात महिने जपून ठेवून. हे पान मी दोनदा वाचलं.)

तेव्हा देवरशी नको, जाळपोळ नको. दिवाणात हे नाहीत, चुना आहे.

तुमची वहिनी,
महादेवी

ता. क. चिमणाबाईला पोतं उघडून दाखवलं. म्हणते, "व्हय, पण माठ कुणी पाझरवला?" तिच्याशी बोलण्यात अर्थ नाही.

आणखी एक ता. क. गुरुवारपासून जागा गार आहे. माठ भरलेला आहे, थेंब पडतोय, पण पोत्यात नुसतं पीठ उरलंय. एकदा विरलेला चुना पुन्हा तापत नाही, हे चुना विकणाऱ्या दुकानदाराकडूनही विचारून घेतलं. सोमवारी तुम्ही याच. देवरशाऐवजी दहा किलो ताजी चुनकळी आणा, ढेकळं मोठी बघून, पोत्याचं तोंड घट्ट बांधून. एस.टी.त कुणी विचारलं तर रंगकामाला म्हणू नका, वर्ष सरलेलं नाही. काहीच म्हणू नका. माठ मी भरून ठेवते.