धरून ठेवलेलं बोट

आत्याबाई,

जय येशू. तुमची सून होऊन लई वर्षं झाली, पण हे मी आज पहिल्यांदाच म्हणते.

पिशोरच्या बसमध्ये तुम्ही जपमाळ पिशवीतच ठेवायच्या. गर्दीत माळ तुटते, बोटं तुटत नायत, म्हणायच्या. दर बोटाला एक मरियेची प्रार्थना. कंडक्टरनं तिकीट मागितलं तरी अंगठा त्या बोटावरून हलायचा नाय. मी देवीला मानणारी, तरी बघत, ऐकत राहायची.

परवा बसनं शहरातल्या दवाखान्यात जाताना सातव्या बोटाची प्रार्थना संपवून थकलात. "शीला, हे बोट धर, जरा डोळा लावते," म्हणालात. दवाखाना आला, डॉक्टर आले, तरी मी सोडलं नाय.

काल शहरातच तुमची माती करून बसनं गावी परतले. उरलेल्या तीन बोटांच्या प्रार्थना मीच म्हटल्या. एक शब्दही अडला नाय.

तुमचीच,
शीला