बॅटरीवरचं मशीन

आप्पा, तुमचं गवत कापायचं मशीन मी भंगारात घातलं. वडखळच्या नाक्यापुढे जो भंगारवाला बसतो, त्याच्या काट्यावर स्वतः उचलून ठेवलं. तो म्हणाला, "ताई, इंजिन अजून चालू हाय, कुणालातरी द्या." मी म्हटलं, माझ्यासमोर फोड. त्याने घण घेतला आणि मी पहिला घाव पडेपर्यंत थांबले. तुम्हाला हे कळावं असं वाटतं. तुम्ही त्या मशीनला जेवढं जपलंत तेवढं घरातल्या कुणाला जपलं नाहीत.

रोह्याला आपली खोली एकच होती. बाहेर ठेवलं तर चोर नेतील म्हणून ते मशीन स्वयंपाकाच्या कोपऱ्यात असायचं, चुलीपासून दोन हातांवर. आईच्या भाताला पेट्रोलचा वास यायचा. तुम्ही ताटावर बसलात की म्हणायचात, "भात करपवलास," आणि ताट सरकवून द्यायचात. वास कशाचा आहे हे तुम्हालाही कळत होतं. आई ताट उचलते, तोच भात बाहेरच्या पायरीवर बसून खाते, आणि तुम्ही पुसायचं फडकं घेऊन मशीनचा प्लग साफ करता. तो प्लग तुम्ही इतक्या हळुवार हातांनी पुसायचात, की मी लहानपणी त्या प्लगचा हेवा केला आहे.

कंपनीच्या साहेब लोकांच्या बंगल्यांचं लॉन तुमच्याकडे होतं. सुट्टीच्या दिवशी तुम्ही मला घेऊन जायचात. एकदा मला म्हणालात, दोरी ओढ. मी ओढली. मशीन खोकलं आणि बंद पडलं. परत ओढली, परत तेच. व्हरांड्यात दोन बायका चहा पीत होत्या. तुम्ही त्यांच्याकडे बघून हसलात आणि म्हणालात, "पोरगा असता तर एका हिसक्यात चालू केलं असतं. आमच्या नशिबाला ही आली." त्या हसल्या. मीही हसले, कारण सगळे हसत होते. दोरीने माझ्या तळव्याचं साल निघालं होतं, ते मी फ्रॉकमागे लपवलं.

आईला तुम्ही मशीनच्या पुढे चालायला लावायचात. गवतातले दगड, काचा, बाटल्यांची झाकणं तिने वेचायची, म्हणजे पात्याला धक्का लागणार नाही. मशीनच्या दांड्याला एक कडी असते, हात सोडला की पातं थांबवणारी. तुम्ही ती तारेने कायमची बांधून टाकली होती. सारखी दाबून धरायचा तुम्हाला कंटाळा यायचा. एक दगड तिच्या नजरेतून सुटला. वेचलेलं टाकायला ती मशीनच्या मागे गेली होती, तेव्हा तो पात्याखालून उडाला आणि तिच्या डाव्या डोळ्यात बसला. मी शाळेत होते. घरी आले तर दाराला कुलूप आणि शेजारीण म्हणते, तुझ्या आयशीला दवाखान्यात नेलंय. मी तिथे पोचले तेव्हा डॉक्टर तुम्हाला विचारत होते, इतका वेळ का लावलात? तुम्ही म्हणालात, "मशीनच्या आवाजात काय कळलंच नाय साहेब. ही पाठी पडलेली, मी पुढं." डॉक्टरांनी मान हलवली. मला तेव्हा तुमची दया आली, आप्पा.

पुढे बंगल्यातल्या एका बाईंना आईचा तो डोळा बघवेना. तेव्हा तुम्ही बाजारातून तिच्यासाठी काळा चष्मा आणलात. तुम्ही तिला आणून दिलेली मला आठवते ती ही एकच वस्तू. "घालून ये, नायतर येऊ नको," एवढंच म्हणालात. ती घालून गेली. दुसऱ्याच सुट्टीला ती पुन्हा मशीनपुढे वाकलेली होती, आणि आता एकाच डोळ्याने दगड शोधत होती.

तुम्ही गेलात तेव्हा मी कॉलेजात होते. लोक म्हणाले, बाप कडक होता पण कष्टाळू होता. मीही तेच म्हणत राहिले. पेणला रोपवाटिका काढली, मग मुंबईच्या लोकांच्या फार्महाऊसची लॉन सांभाळायला घेतली. तुमचंच मशीन वापरत राहिले. त्याच्या धडधडीत कान बधिर झाले की मला वाटायचं, असंच झालं असेल तुमचं, यात कुणाची किंकाळी कशी ऐकू येणार? इतकी वर्षं मी तुम्हाला त्या आवाजामागे लपवून ठेवलं.

गेल्या वर्षी एका फार्महाऊसच्या मालकीणबाई म्हणाल्या, "बाळ झोपतं हो, हे नको. बॅटरीवरचं आणा." मला पटत नव्हतं. पैसा जास्त, आणि बिघडलं तर पेण-रोह्यात उघडून बघणारा कुणी नाही, पनवेलला न्यावं लागतं. बॅटरी लॉनच्या पार टोकाला गेल्यावर संपते, मग चार्जिंगला लावायची आणि दुपारी नेमकी लाईट जाते. श्रावणातलं ओलं, गुडघाभर गवत समोर आलं की ते चिकटून पातं अडकतं आणि मशीन गप्प होतं. तिथे तुमचं इंजिन बरं होतं, हे मी नाकारत नाही. पण दोरी नाही. बटण दाबलं की चालू. इतकं हलकं की एका हाताने गाडीत चढतं. वास नाही, धूर नाही, संध्याकाळी हात थरथरत नाहीत. कडी सोडली की पातं तिथल्या तिथे थांबतं. आणि आवाज म्हणाल तर घरातल्या मिक्सरपेक्षा कमी.

नव्या मशीनची गंमत बघायला आई एकदा माझ्यासोबत आली. व्हरांड्याच्या पायरीवर बसली होती. मी लॉनच्या मधोमध होते, तिच्याकडे पाठ करून. तिने हाक मारली, मोठ्याने पण नाही, "गो, च्या घे थोडी." मी हात सोडला, पातं थांबलं, मी वळून तिच्याकडे गेले. ती माझ्याकडे बघतच राहिली.

"लगेच आलीस."

"ऐकू आलं म्हणून आले. आप्पांकडे असं मशीन असतं तर तुझा डोळा वाचला असता."

मी हे प्रेमाने म्हटलं होतं. तिचा चहाचा कप हातातच राहिला.

"त्यांना ऐकू आलं व्हतं गो," ती म्हणाली.

"काय?"

"मी वरडले तवा वळून बगितलं त्यांनी. माज्या तोंडावर रगत बगितलं. हातानं असं केलं," आणि तिने तळहात दाखवला, थांब म्हणतात तसा. "साहेबांकडं पाव्हणे यायचे व्हते. लॉन अर्धं ऱ्हायलं व्हतं. ते पुरं केलं, मशीन पुसलं, मग आले."

"आणि तू?"

"मी झाडाखाली बसले. पदर लावून."

मी विचारलं, इतकी वर्षं का नाही बोललीस? ती म्हणाली, "तू त्यांच्या मशीनवर पोट भरत व्हतीस. तुला कशाला सांगू?" मग कप खाली ठेवला आणि म्हणाली, "गवत कापून घे, ऊन वाढतंय."

तुम्ही जिवंत असता तर मी काय केलं असतं, याचा मी खूप विचार केला आहे, आप्पा. तुम्ही म्हातारे, अंथरुणावर, पाणी मागताय, आणि मी दारातून तुम्हाला तळहात दाखवतेय. असं चित्र मी पुन्हा पुन्हा बघते आणि मला त्याने शांत झोप लागते. तुम्ही झटक्यात गेलात, कुणाकडे काही न मागता. तेवढी एक गोष्ट तुम्ही माझ्या हातून काढून घेतलीत. भंगारवाल्याच्या घणावर समाधान मानावं लागलं.

आईला मी म्हटलं, तुझी चूक आहे, तू ओरडत राहायला हवं होतंस, घर सोडायला हवं होतंस. बरंच बोलले. ती ऐकून घेते. तिला तशी सवय आहे. बोलताना माझा आवाज कुणासारखा होतो, हे तिने अजून मला सांगितलेलं नाही.

हे पत्र टाकायला पत्ता नाही आणि ते घरात ठेवावं असंही वाटत नाही. सकाळी पालापाचोळ्यासोबत जाळून टाकीन. एवढंच सांगायचं राहिलं, की तुमच्या फोटोला आईला अजून रोज हार लागतो. तिला एका डोळ्याने हायवे ओलांडून फुलवाल्याकडे जाता येत नाही, म्हणून तो मीच आणून देते.