फळ्यावरचा आकडा

१२ एप्रिल

प्रिय ताई,

नमस्कार. माझं अक्षर बघून दचकू नकोस, घरी सगळे ठीक आहेत. फोनवर तू "बरं बरं" म्हणतेस, मी "ठेवतो" म्हणतो आणि संपतं. म्हणून लिहायला बसलोय.

परवा तळ्यावरचा हंगाम उघडतोय. होड्यांना रंग दिला. होडीवाल्या काकांनी निळा मागितला होता, दुकानदाराने हिरवा पाठवला, त्यामुळे काका दोन दिवस होड्यांशीच बोलत नाहीत. धक्क्याच्या चार फळ्या कुजल्या होत्या, त्या बदलल्या. बदकं परत आलीत आणि माझा गुडघाही पुन्हा कुरकुरायला लागलाय. तुझ्या या शेंडेफळ भावाच्या डोक्यावर आता मोजून घ्यावेत इतकेच केस उरलेत, भेटलीस तर हसू नकोस.

तुझं पत्र पोचलं. शिवणयंत्र विकायला काढलंस आणि रविवारी माणूस येऊन घेऊन जाणार, हे तू असं लिहिलंयस जणू घरातली फुटकी बादली द्यायची आहे. तीस वर्षं त्या यंत्रावर तू अख्ख्या गल्लीचे कपडे शिवलेस. खाली लिहितेस, "टेपवरचा आकडा सूनबाईकडून वाचून घ्यावा लागतो. माझ्या डोळ्यांवर माझाच भरवसा उरला नाही. ज्या डोळ्यांनी माणूस घालवला, त्यांनी लोकांची मापं काय घ्यायची?"

ती ओळ वाचली त्या दिवसापासून मला जेवण गोड लागत नाही.

आधी तळ्याबद्दल थोडं सांगतो. आपलं तळं उंच, थंड डोंगरातलं आणि उथळ आहे, मधोमध गेलं तरी छातीभर पाणी. खोल पाणी ऊब धरून ठेवतं, उथळ पाण्याला तेवढा दम नसतो. चार दिवस ऊन पडलं की तापतं आणि वारा सुटला की बशीतल्या चहासारखं निवतं. एप्रिलमध्ये तर त्याचा काही नेमच नाही. म्हणून माझं रोजचं पहिलं काम ठरलेलं: सकाळी सातला धक्क्याच्या टोकाशी जायचं, दोरीला बांधलेला तापमापक गाठीपर्यंत पाण्यात सोडायचा, शंभर आकडे मोजायचे, वर ओढायचा आणि आकडा पोहायला येणाऱ्यांसाठी टांगलेल्या काळ्या फळ्यावर लिहायचा. वहीत नोंद संध्याकाळी. शेंबड्या पोरालाही जमेल असं काम.

हे सगळं तू माझ्या तोंडून शंभरदा ऐकलंयस, ठाऊक आहे. येतो मुद्द्यावर. मला इथवर यायला वर्ष लागलं, आणखी चार ओळी सांभाळून घे.

गेल्या वर्षी त्या आठवड्यात आधी चांगलं ऊन पडलं होतं. मी मोजलं तेव्हा खरोखर एकोणीस अंश होतं. मग तीन दिवस गार वारा सुटला. तळ्यावर चिटपाखरू नव्हतं, गुडघा ठणकत होता, धक्का ओला होता. मी केबिनमध्ये चहा पीत बसलो. मनात म्हटलं, कुणी येत नाही तर कुणासाठी मोजू? फळ्यावरचा एकोणीस तसाच राहिला. चौथ्या दिवशी वारा पडला, लख्ख ऊन आलं, आणि तुम्ही दोघं आलात. मला इतका आनंद झाला की मी चहाचं आधण ठेवायला आत पळालो. त्या दिवशीही मोजलं नव्हतं.

डॉक्टरांनी भाऊजींना सांगितलं होतं, अठराच्या खाली पाण्यात पाय घालायचा नाही, हृदयाला सोसणार नाही. भाऊजी शिस्तीचे. स्वतःचा चष्मा काढून तुझ्या हातात दिला आणि विचारलं, "किती आहे गं?" तू फळ्याकडे बघून म्हणालीस, "एकोणीस. जा खुशाल." ते मी आतून ऐकलं, ताई. माझ्या कानांनी ऐकलं. मग त्यांनी धक्क्यावरून उडी मारली. पुढचं तुला माहीत आहे. लोक अजून विचारतात, छातीभर पाण्यात माणूस कसा जातो? असा जातो. गार पाण्याने श्वास कोंडतो आणि हृदय थांबतं. काकांनी आणि मी बाहेर काढलं तेव्हा उशीर झाला होता.

तू त्यांच्यासोबत गाडीत बसून गेलीस. मी धक्क्यावर एकटा राहिलो. तेव्हा जाऊन तापमापक सोडला. अकरा.

मी फडकं घेतलं आणि फळा पुसला. एकोणीसच्या जागी अकरा लिहिलं. वहीतही अकरा लिहिलं.

दुसऱ्या दिवशी कचेरीतले साहेब चौकशीला आले तेव्हा तू फळ्यासमोर उभी राहून म्हणालीस, "काल इथे एकोणीस होतं. मी वाचलं." साहेबांनी माझ्याकडे बघितलं. तूही बघितलंस. आणि मी म्हणालो, "ताई, तुझा चष्मा पिशवीत होता ना?"

एवढंच बोललो. साहेबांनी मान हलवली, कागदावर काहीतरी लिहिलं. तुझा चष्मा जवळच्या कामाचा आहे, सुईत दोरा ओवण्यापुरता. लांबचं तुला घारीसारखं दिसतं. हे मला माहीत होतं, तुलाही माहीत होतं. तरी तू गप्प झालीस, कारण बोलणारा तुझा भाऊ होता. आपला धाकटा खोटं कशाला बोलेल, म्हणून तू स्वतःचे डोळे खोटे ठरवलेस.

त्यानंतर तू दोनदा चष्मा बदललास, आणि चष्म्याच्या दुकानातून आलेला तुझा प्रत्येक फोन मी घेतला. "वय झालं ताई, होतं असं," म्हणालो. मूग गिळून बसलो असतो तरी चाललं असतं. मी तर वर तुझी समजूत घातली.

आळसाची माफी कदाचित मागता येईल. फळा पुसल्याची मागायला तोंड नाही, म्हणून मागत नाही.

आज सकाळी कचेरीत जाऊन सगळं लेखी दिलं. साहेब म्हणाले, "एका वर्षानं कशाला उकरून काढतोयस?" कागद ठेवून घेतला आणि उद्यापासून कामावर येऊ नकोस म्हणाले. पुढे चौकशी होईल ती होईल. त्यांनी कागद दाबला तर हे पत्र तुझ्याजवळ राहील. कुणाला दाखवायचं ते दाखव. मुलालाही दाखव, त्याने तुला बोल लावला होता.

घरी यायच्या आधी धक्क्यावर गेलो. माझ्या जागी लगेच पाठवलेल्या नव्या माणसाला दोरी दाखवली, गाठ दाखवली, शंभर आकडे मोठ्याने मोजायला लावले. पाणी बारा निघालं. त्याने फळ्यावर लिहिलं, मी बाजूला उभा राहिलो. तू कापडाला कात्री लावण्याआधी तीनदा मोजतेस, म्हणून मी तुला किती चिडवायचो.

रविवारी तो माणूस आला तर त्याला परत पाठव. यंत्र ठेव. टेप स्वतःच्या हातात घे. मला उत्तर लिहू नकोस, लिहावंसं वाटत नाही तोवर. न वाटलं तरी ते बरोबरच असेल.

तू नीट वाचलं होतंस, ताई. एकोणीसच होतं.

तुझा
(म्हणायचं की नाही, ते तू ठरव)
धाकटा